खालचा डावा कोपरा

मी एक जुने पुठ्ठ्याचे कव्हर आहे. गाण्याच्या तबकडीचे कव्हर. बारा इंच लांब, बारा इंच रुंद, वयाने वीस वर्षांच्या घरात. माझ्या चारही कोपऱ्यांना एकेक भोक आहे आणि अंगाला धुपाचा, चिंचेने घासलेल्या तांब्याचा आणि थोडासा ज्वारीच्या पिठाचा वास आहे. मित्रांनो, गाण्याच्या कव्हराला हे वास कुठून चिकटले, असे तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचे आहे. तबकडीचे कौतुक सगळे करतात, कव्हराला कोणी विचारत नाही, म्हणून आज मी आपणहून बोलतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका छापखान्यात झाला. आधी माझ्या अंगावर पिवळा रंग चढला, मग तांबडा, मग निळा आणि शेवटी काळा. काळा बसेपर्यंत आपण कोण आहोत हे मला कळत नव्हते. तो बसला आणि चित्र उभे राहिले. संध्याकाळचे केशरी आभाळ, कडेला एक कडुनिंब आणि मधोमध हिरव्या नऊवारीतली एक बाई. कमरेवर तांब्याची घागर. बाई पाठमोरी आहे. तिचा एक पाय पुरता टेकलेला आहे आणि दुसऱ्याची टाच किंचित उचललेली आहे. तिचे तोंड कोणालाच दिसत नाही.

ज्याने हे चित्र काढले तो माणूस त्या दिवशी छापखान्यात आला होता. किडकिडीत अंग, नखांत रंग. आम्हा हजार भावंडांतून त्याने नेमके मला उचलले, उजेडाकडे धरले आणि आभाळ बरोबर उतरले आहे म्हणाला. मग मान वाकडी करून त्याने माझा खालचा डावा कोपरा वाचला आणि तो गालातल्या गालात हसला. तिथे तिळाएवढ्या अक्षरांत त्याचे नाव छापलेले होते. ते हसू मी पाहिले, नाव मात्र मला कधीच वाचता आले नाही. आपलाच कोपरा आपल्याला दिसत नसतो.

मग माझ्या पोटात एक काळीभोर तबकडी आली. तिच्यात एका गाणाऱ्या बाईंनी संध्याकाळचा एक राग गायला होता. आम्ही दोघे जोडीने निघालो ते औरंगाबादच्या एका दुकानाच्या काचेत येऊन उभे राहिलो. तिथे एका दुपारी पाटोद्याच्या रुद्रप्पांची नजर माझ्यावर पडली.

रुद्रप्पा भांड्यांचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर उपरणे, आणि नजर अशी की भांडे हातात न घेता त्यातला पोचा ओळखावा. घाऊक माल घ्यायला ते आले होते आणि एसटी स्टँडकडे निघाले होते. काचेसमोर ते थबकले ते बराच वेळ हललेच नाहीत. दुकानदाराने मला बाहेर काढले आणि घरी कुठल्या कंपनीचे मशीन आहे, असे विचारले. मशीन नाही, असे रुद्रप्पा म्हणाले. मग ऐकणार कशावर, असे त्याने विचारले.

"ऐकायची कुणाला हाय?" रुद्रप्पा म्हणाले. "मला घागर पायजे. हिची ठेवण बघा की. अशी घागर घडवणारा कारागीर सगळ्या जिल्ह्यात न्हाई."

अशा रीतीने गाणे न ऐकता, नुसत्या घागरीवर भाळून, एका माणसाने आम्हाला विकत घेतले. दुकानदाराने कपाळाला हात लावला. मला मात्र मनातून गुदगुल्या झाल्या. खोटे कशाला बोलू?

पाटोद्याला रुद्रप्पांचे दुकान पुढे आणि घर मागे. दुकानाच्या दारावर, आतल्या अंगाला, त्यांनी मला ठोकायचे ठरवले. त्यामागे त्यांचे एक गणित होते. गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने वळले की दारावर त्याला ही घागर दिसावी आणि त्याने माघारी फिरावे. गणित ठीक होते. पण त्यांनी चार खिळे घेतले आणि माझ्या चारही कोपऱ्यांत ठोकले. तबकडी गोल आणि मी चौकोनी, म्हणून ती वाचली. चौथा खिळा खालच्या डाव्या कोपऱ्यात बसला, थेट त्या तिळाएवढ्या अक्षरांवर. मी पुठ्ठा, मला ओरडता कुठे येते?

आणि यातली गंमत पाहा. त्या दुकानात दिवसभर एकच आवाज चाले, छिन्नीचा. टिक, टिक, टिक. आमच्या भागात भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेतात. लग्नाकार्यात भांडी या घरची त्या घरी जातात, तेव्हा नाव नसेल तर आपली परात ओळखायची कशी? रुद्रप्पा हे काम फुकट करत आणि मोठ्या हौसेने करत. गिऱ्हाईकाकडे न पाहता, छिन्नी टेकवून विचारत, "नाव काय घालू?" मग ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उमटत. भांड्यावर नाव नसले की भांडे परके होते, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. तालुक्यातल्या निम्म्या तांब्यांवर आणि ताटांवर त्यांच्या हातची नावे आहेत. एका चितार्‍याचे नाव आपण खिळ्याखाली घातले आहे, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता.

मी आलो त्याच वर्षी त्यांच्या घरी शिवांजलीचा जन्म झाला. म्हणून मी तिला माझ्याच वयाची समजतो. ती रांगत दुकानात येई आणि वर बघत बसे. बोलायला लागली तेव्हा तिने विचारले, ही बाई वळत का नाही. रुद्रप्पा म्हणाले, तिला पाण्याला उशीर झाला आहे. पुढे हातात खडू आला तसे शिवांजलीने त्या बाईला पाटीवर काढले, मग फरशीवर, मग कॅलेंडराच्या पाठकोऱ्या कागदावर. मित्रांनो, तिची पहिली बाराखडी मीच.

तबकडी मात्र बारा वर्षे माझ्या पोटात मुकी बसून राहिली. आत काय आहे, असे कोणी विचारले की रुद्रप्पा सांगत, काळी थाळी आहे, जेवायच्या कामाची नाही. दिवेलागणीला दुकानात धूप फिरवायला त्यांची बायको गंगासागर येई. तिला भजनाचा भारी नाद. ती माझ्यासमोर क्षणभर थांबे आणि नवऱ्याला रोज तेच विचारी, की आतले कधी ऐकायला मिळायचे. रुद्रप्पा हसून वेळ मारून नेत. मला तिच्यासाठी फार वाईट वाटे. तोंडाशी आलेला घास बारा वर्षे अडून राहावा तसे ते होते.

मग ब्याण्णव साल उजाडले. देशात नवे वारे सुटले आहे असे पेपरात येई. पाटोद्यात ते वारे कॅसेटींच्या रूपाने आले. स्टँडसमोर कॅसेटी भरून देणारे दुकान निघाले, घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि जुनी मशीने अडगळीत जाऊ लागली. निवृत्त हेडमास्तर सुंदरराव यांच्या मुलाने पुण्याहून दोन कॅसेटींचा टेप आणला. त्यांच्या बायकोला धान्याला स्टीलची कोठी हवी होती. सुंदररावांनी आपला रेकॉर्ड वाजवायचा पेटारा उचलला आणि रुद्रप्पांच्या दुकानात आणून ठेवला. जुने पितळ मोडीत देऊन नवे भांडे नेतात, तसा हा पेटारा मोडीत घ्या आणि कोठी द्या, असे त्यांचे म्हणणे.

रुद्रप्पांनी हातच्या सवयीने पेटारा उचलून तराजूत ठेवला. वजन पाहिले. मग आपण काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते इतके हसले की हंड्यांची उतरंड हलली. आतून गंगासागर दाराशी आली होती. तिने फक्त पेटाऱ्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. रुद्रप्पांनी मुकाट्याने कोठी दिली.

मला खिळ्यांवरून उतरवले तेव्हा बारा वर्षांच्या शिवांजलीने मला मांडीवर घेतले. गंजलेले भोक तिच्या बोटाला लागले. भोकाच्या आधी 'चित्र' एवढी दोन अक्षरे उरली होती, पुढचे सगळे गेलेले. हे कोणी काढले, असे तिने वडिलांना विचारले. रुद्रप्पा म्हणाले, छापखान्याने. तिथे नाव होते आणि तिथेच तुम्ही खिळा मारला, असे ती म्हणाली. एवढ्या बारीक अक्षरांचे काय घेऊन बसलीस, असे म्हणून ते पेटाऱ्याकडे वळले. पण त्या दिवशी पुढे आलेल्या गिऱ्हाईकाच्या तांब्यावर नाव घालताना त्यांची छिन्नी एकदा घसरली, ते मी पाहिले.

संध्याकाळ झाली. सुई टेकली. आधी पोह्याच्या कढईसारखा चरचर आवाज आला आणि मग त्या बाईंचा सूर उठला. मित्रांनो, बारा वर्षे जी माझ्या पोटात होती ती काय होती, हे मलाही तेव्हाच कळले. सूर उंच गेला नाही की त्याने घाई केली नाही. दिवस मावळतो तसा तो दुकानभर पसरला. कळशीला कळशी लागून एक बारीक नाद निघू लागला. गंगासागर पाणी भरून परसातून येत होती, ती कमरेवर घागर तशीच धरून उभी राहिली. एक पाय टेकलेला, दुसऱ्याची टाच उचललेली.

शिवांजलीने आईकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "ही बाई पाण्याला चालली न्हाई. तिला गाणं ऐकू आलं, म्हणून ती थबकलीय."

रुद्रप्पांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी आजच दुकानात आलो. बारा वर्षे त्यांनी घागर पाहिली होती, त्या दिवशी बाई पाहिली. मला धन्य धन्य वाटले.

त्यानंतरची चार वर्षे म्हणजे माझ्या आयुष्यातला सण. मी पुन्हा दारावर गेलो, पण आता रोज दिवेलागणीला उतरायचो, तबकडी बाहेर जायची आणि घर भरून जायचे. ओगराळे घ्यायला आलेले लोक गाणे संपेपर्यंत पोत्यावर बसून राहत. कोणी म्हणे, घागर रिकामी आहे, बघा ना, कंबर वाकलेली नाही. कोणी म्हणे, हा कडुनिंब आमच्या बांधावरचाच. एका म्हातारबाबांनी तर ही बाई आपली थोरली बहीण आहे असे ठासून सांगितले आणि डोळे पुसले. राग कुठला, ताल कुठला, हे कोणाला ठाऊक नव्हते. तरी भाजी आणायला निघालेली माणसे पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसायची. गाणे कळायला आणखी काय लागते, ते मला तरी माहीत नाही.

शिवांजलीचा हात आता चांगला वळला होता. शाळेतून चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, त्यात ती वरच्या श्रेणीत आली. घराच्या भिंती, देवळीचे दार, पिठाच्या डब्याचे झाकण, सगळीकडे ती घागरवाली बाई. गावात आसाराम पेंटर होते. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. ते एकदा कळशी घ्यायला आले आणि डब्याच्या झाकणाकडे पाहतच राहिले. त्यांनी शिवांजलीला ब्रश धरायला शिकवले, पत्र्यावर रंग कसा बसवायचा ते दाखवले. शहाण्णवच्या श्रावणात ते मुद्दाम दुकानी आले. माजलगावकडचे एक बागायतदार, अमरसिंह नावाचे, साखर कारखान्याच्या हंगामासाठी नवी ट्रॉली घेत होते. दिवाळीच्या सुमारास ती पाटोद्याला येणार होती. गरुड नको, गुलाब नको, कोणाच्या ट्रॉलीवर नसेल असे काही काढा, असे त्यांचे सांगणे होते. आसाराम म्हणाले की आपली रेघ आता थरथरते, मागच्या फळीवरचे चित्र पोरीने काढावे. शिवांजली सोळा वर्षांची. घराबाहेर, उघड्यावर, चार लोकांनी पाहावे असे तिचे पहिले काम. ती त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही, इतकी हरखली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माशी शिंकली.

त्या वर्षी गावात प्लॅस्टिकच्या घागरी आल्या होत्या. हातगाडीवरून यायच्या, लाल, निळ्या, पोपटी. हलक्या, स्वस्त, पडल्या तरी पोचा न पडणाऱ्या. रुद्रप्पांच्या तांब्या-पितळेवर धूळ बसू लागली. छिन्नीची टिकटिक थांबली. श्रावणी सोमवारी महादेवाला जाऊन येताना त्यांच्या थोरल्या चुलतबहीण सरस्वतीबाई दुकानात टेकल्या. सरस्वतीबाईंचा शब्द म्हणजे भावकीत काळ्या दगडावरची रेघ. पाणी पिता पिता त्यांचे लक्ष दारावर गेले.

"रुद्रप्पा," त्या म्हणाल्या, "ही घागर घेऊन दाराबाहेर कोण चाललंय रे? सोळा वर्सं झाली, लक्ष्मी तुझ्याकडं पाठ करून उंबरा वलांडायलीय. अन् तू गादीवर बसून बघायलास."

रुद्रप्पा तसे शहाणे माणूस. पण गिऱ्हाईक आटले की शहाण्याची अक्कलही दाराबाहेर जाऊन बसते. त्यांनी गादीवरून वर पाहिले. खरेच, बाई दाराकडे तोंड करून, दुकानाकडे पाठ करून चालली होती. मग त्यांनी घरात पाहिले, तर भिंतीवर पाठमोरी बाई, देवळीवर पाठमोरी बाई, डब्यावर पाठमोरी बाई. मला तबकडीसकट उतरवून रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकण्यात आले. पेटाऱ्यावर फडके पडले. आणि शिवांजलीला त्यांनी समोर बोलावले.

"बास झाली चित्रं," ते म्हणाले. "रंग माळ्यावर टाक. ट्रालीबिली कायबी न्हाई. माझ्या घरातली लक्ष्मी आता गावोगाव पाठ दावत हिंडायची न्हाई."

भांडली असती तर बरे झाले असते. तिने ब्रश धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून आली. मित्रांनो, रद्दीवर पडल्याचे मला दुःख नव्हते. जुन्या वस्तूला एवढे चालायचेच. पण माझ्यावरून एका मुलीच्या हातातला ब्रश सुटला, हे मला सहन होत नव्हते. मी तिला हात धरून चित्र शिकवले होते आणि मीच तिच्या आडवा आलो.

रद्दीवाला आला तेव्हा गठ्ठ्यात मी नव्हतो. गंगासागरने मला पदराखाली घेतले होते आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे उभे केले होते. पिठाचा वास तेव्हाचा. तिथे महिनाभर मी अंधारात उभा राहिलो. भाकरी थापताना ती त्या रागाची सुरावट नाकातल्या नाकात गुणगुणत असे, तेवढीच काय ती सोबत.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे हा सण केवढा मोठा, हे सांगायला नको. दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावले काढायची. हाताची मूठ पिठाच्या पाण्यात बुडवून जमिनीवर टेकवली की पावलाचा तळ उठतो, वर बोटाने पाच ठिपके दिले की बोटे. हे काम घरात शिवांजलीचे. चित्रे बंद असली तरी पावले कोण बंद करणार? ती उंबऱ्यापासून सुरुवात करून आतपर्यंत गेली, आणि पावले सरळ रेषेत आली की नाही हे पाहायला बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

ती तिथेच खिळली. मग धावत स्वयंपाकघरात आली आणि आईला म्हणाली, कव्हर कुठे आहे ते दे, तू टाकले नसणार हे मला माहीत आहे. गंगासागरने डब्यामागे हात घातला. शिवांजलीने माझ्यावरचे पीठ फुंकून उडवले आणि मला दुकानात नेले. पण दारावर नाही. दाराच्या अगदी समोर, रुद्रप्पांच्या गादीमागच्या भिंतीवर, फडताळाच्या कडेला तिने मला दोऱ्याने बांधले. खिळा मारला नाही. मग तिने सणाला आलेल्या सरस्वतीबाईंना हाक मारली आणि रस्त्यावर, पावलांच्या सुरुवातीला, आणून उभे केले. रुद्रप्पाही उठून त्यांच्या शेजारी गेले.

"आत्या," तिने विचारले, "ही पावलं कुठं चाललीत?"

"आत," सरस्वतीबाई म्हणाल्या. "हे बी काय इचारणं झालं?"

"आत चाललेल्या लक्ष्मीचं बाहेरून काय दिसंल? तोंड का पाठ?"

सरस्वतीबाईंनी पावलांकडे पाहिले. पावलांच्या ओळीवरून त्यांची नजर सरकत सरकत आत गेली ती माझ्यावर येऊन थांबली. उंबऱ्यावरून पावले आत जात होती आणि त्यांच्या टोकाला, कमरेवर घागर घेऊन, पाठमोरी बाई आतच निघाली होती. घरात.

सरस्वतीबाईंनी हात जोडले. मग त्या भावाकडे वळल्या.

"म्हंजे सोळा वर्सं तिला बाहेरची वाट तूच दावलीस व्हय रे?"

रुद्रप्पांनी दारावरच्या चार खिळ्यांच्या भोकांकडे पाहिले. आधी ओशाळले, मग त्यांना हसू फुटले, मग गंगासागर हसली, आणि शेवटी सरस्वतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रुद्रप्पांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माळ्यावरचे रंग खाली काढायला सांगितले. त्यानंतर गिऱ्हाईक झुंडीने आले, असे काही झाले नाही. प्लॅस्टिकच्या घागरी विकतच राहिल्या. पुढे रुद्रप्पांनीही चार आणून टांगल्या. फक्त त्यांच्यावर नाव घालता येत नाही, म्हणून त्यांना ते कधी मनापासून भांडे म्हणाले नाहीत.

दिवाळी झाली आणि अमरसिंहांची नवी कोरी ट्रॉली पाटोद्याच्या बाजारतळावर येऊन उभी राहिली. शिवांजलीने मला एका डब्याला टेकवून समोर ठेवले आणि काम सुरू केले. गंगासागरने पेटारा जवळच्या चहाच्या हॉटेलात नेऊन तिथली वीज मागून घेतली. बाजारतळावर तो राग घुमू लागला. भाजीवाल्या माळणी गाडे सोडून आल्या. चहाचे कप हातात तसेच राहिले. पत्र्यावर आधी केशरी आभाळ चढले, मग कडुनिंब, मग हिरवी नऊवारी. माझे चित्र बारा इंचांचे, हे सहा फुटांचे. मित्रांनो, आपल्यातून निघालेले काही आपल्यापेक्षा मोठे होताना पाहणे, यासारखा आनंद नाही.

अमरसिंह जीपमधून उतरले, चित्र पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चित्र लाखात एक आहे, पण मागून येणाऱ्या लोकांना ट्रॉलीवरच्या बाईने पाठ दाखवायची, हे बरे दिसत नाही, असे त्यांचे मत पडले. शिवांजलीचा ब्रश हवेतच थांबला. तेवढ्यात गर्दीतून सरस्वतीबाई पुढे झाल्या.

"मालक, जरा इचार करा," त्या म्हणाल्या. "ट्राली जाती पुढं. हिनं तोंड इकडं केलं असतं तर बिचारी मैलभर उलट्या पावलांनी चालली असती. आता कशी तुमच्या संगं पुढं चाललीय."

अमरसिंह मोठ्याने हसले आणि त्यांनी मान डोलावली. श्रावणात ज्यांनी मला रद्दीत घातले त्याच आता माझी वकिली करत होत्या. मी त्यांना त्याच क्षणी माफ केले.

शेवटचा हात फिरला. आसारामांनी ठरल्याप्रमाणे आपला बारीक ब्रश काढला. काम कोणीही केले तरी खाली 'आसाराम पेंटर' लिहायचे, हा त्या धंद्यातला रिवाज. ते वाकले, पण मागून रुद्रप्पांनी त्यांना थांबवले. रुद्रप्पांच्या हातात छिन्नी आणि हातोडी होती. ते ट्रॉलीमागे गुडघे टेकून बसले, खालच्या डाव्या कोपऱ्यावर छिन्नी टेकवली आणि कोणाकडे न पाहता, रोज गिऱ्हाईकाला विचारत तसेच विचारले, "नाव काय घालू?"

शिवांजलीला आधी ती थट्टाच वाटली. नव्या ट्रॉलीवर छिन्नी कोण मारते, असे ती म्हणाली.

"रंग उडतो. कोरलेलं ऱ्हातं," रुद्रप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "सगळ्या तालुक्याच्या ताटांवर मी नावं घातली, अन् ज्यानं ती घागर काढली त्याच्या नावावर खिळा मारला. त्याचं मी घालवलं. तुझं घालवायचं न्हाई. सांग, काय घालू?"

तिने आसारामांकडे पाहिले. आसाराम ब्रश खिशात घालत म्हणाले, घाल की, चित्रकार शिवांजली, पाटोदा. टिक, टिक, टिक. ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उमटली. छिन्नी या वेळी एकदाही घसरली नाही. ट्रॉली माजलगावच्या रस्त्याला लागली तेव्हा आभाळ अगदी चित्रातल्यासारखेच झाले होते, आणि वळणापर्यंत ती हिरव्या नऊवारीतली बाई सगळ्यांच्या पुढे चालताना दिसत होती.

त्याला आता तीन वर्षे झाली. शिवांजली बीडला चित्रकलेचे शिक्षण घेते आणि सुट्टीत ट्रॉल्या रंगवते. मी गादीमागच्या भिंतीवर आहे, दोऱ्याने बांधलेला. रोज संध्याकाळी तबकडी बाहेर जाते आणि तासाभराने थोडी ऊन होऊन परत माझ्या पोटात येते. माझ्या खाली रुद्रप्पांनी पितळेची एक बारीक पट्टी लावली आहे. तिच्यावर त्यांनी 'चित्रकार' एवढेच कोरले आहे. पुढची जागा मोकळी आहे. दर सोमवारी ते ती चिंचेने घासून लख्ख करतात.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. गाणे ऐकाल तेव्हा कव्हर फेकू नका, त्याच्याकडे घटकाभर पाहा. भिंतीवर काही लावाल तर खिळा ठोकण्याआधी कोपरे वाचा. आणि माझ्याबरोबर जन्मलेली हजार भावंडे कुठे ना कुठे असतीलच. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पलंगाखाली, कोणाच्या रद्दीत. केशरी आभाळ, कडुनिंब आणि थबकलेली पाठमोरी बाई दिसली, तर धूळ पुसून तिचा खालचा डावा कोपरा बघा. तिथे जे नाव असेल ते एका पोस्टकार्डावर लिहून पाटोद्याला, भांड्यांच्या दुकानात, रुद्रप्पांना कळवा. छिन्नीला धार लावून ते वाट पाहत आहेत.